पडद्यावर पाहत ड्रिल चालवायला शिकवताना : इम्प्लांट नॅव्हिगेशनच्या सरावाची पद्धत

खालच्या जबड्यातील पहिल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे दाताचे कृत्रिम मूळ, बसवण्याचा सराव विद्यार्थी मॉडेलवर पहिल्यांदा करतो, तेव्हा वरून पाहता सगळे ठीक दिसते. छिद्र हाडाच्या कडेवर मधोमध असते, इम्प्लांट घट्ट बसलेला असतो आणि विद्यार्थी समाधानाने हातमोजे काढतो. मग ते मॉडेल करवतीने उभे कापले की इम्प्लांटचे टोक मागच्या दाढेच्या मुळाकडे झुकलेले आढळते. यामागचे कारण हातात असते. हँडपीसचे, म्हणजे ड्रिल लावतात त्या हातातल्या यंत्राचे, डोके वरच्या दातांना अडते, हात नकळत पुढे सरकतो, आणि हँडपीस पुढे कलला की ड्रिलचे टोक तेवढेच मागे जाते. विद्यार्थी तोंडात समोरून पाहत असल्यामुळे गालाकडे किंवा जिभेकडे गेलेला कल त्याला दिसतो, पण पुढे-मागे गेलेला कल त्याच्या नजरेच्या रेषेतच लपतो. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकालाही तो दिसत नाही. "थोडं सरळ धरा" एवढेच आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. थोडे म्हणजे किती, हे आम्हालाही माहीत नसायचे.

संगणकीय नॅव्हिगेशनमुळे, म्हणजे ड्रिल जबड्यात कुठे आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेमुळे, हे 'थोडे' अंशांत आणि मिलीमीटरमध्ये मोजता येते, आणि तेही ड्रिल चालू असताना. खानदेशातील दंत महाविद्यालयांत शिकवणारे सहकारी, तसेच एमडीएसच्या (दंतशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेले विद्यार्थी यांच्यासाठी हा सराव कसा बसवावा, हे मी माझ्या वर्गात करत आलेल्या क्रमाने येथे लिहीत आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यावर पडदा वेगळा दिसेल, बटणे वेगळी असतील, पण पायऱ्या त्याच राहतात. या सगळ्यात मी एकाच गोष्टीला सर्वाधिक वजन देते, आणि ती म्हणजे पडताळणी. हात सरळ राहणे हे सरावाने येते. पडदा खरे बोलत आहे का, हे दर वेळी तपासण्याची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही

पहिला तास यंत्र चालू न करताच घ्यावा. विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की वरचा कॅमेरा तोंडात पाहतो आणि ड्रिलचे टोक हाडात कुठे आहे ते दाखवतो. कॅमेऱ्याला ना जबडा दिसतो, ना ड्रिलचे टोक. त्याला फक्त दोन खुणा दिसतात, ज्यांना आपण ट्रॅकर म्हणतो: एक रुग्णाच्या दातांवर बसवलेल्या क्लिपला जोडलेला आणि दुसरा हँडपीसला. कॅमेऱ्याला दोन डोळे असतात, त्यामुळे दोन्ही ट्रॅकर अवकाशात कुठे व कोणत्या कलात आहेत हे त्याला कळते. नॅव्हिडेंटसारख्या यंत्रात ट्रॅकरवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे नक्षीकाम असते, तर काही यंत्रणा इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात. बाकी सर्व संगणकाचे गणित आहे. ट्रॅकरपासून ड्रिलचे टोक इतक्या अंतरावर आहे, आणि दुसऱ्या ट्रॅकरपासून जबडा असा आहे, असे आपण त्याला आधी सांगतो. त्या सांगण्यावर विसंबून तो सीबीसीटीच्या (जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनच्या) चित्रात ड्रिल रेखाटतो. आपण चुकीचे सांगितले किंवा सांगितल्यानंतर काही हलले, तर संगणक तितक्याच ठामपणे चुकीची जागा दाखवतो. पडद्यावर तांबडा दिवा लागत नाही, घंटी वाजत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि सराव संपेपर्यंत पुसू देत नाही.

याच तासात छापील गाईडशी, म्हणजे दातांवर बसणाऱ्या नळीच्या साच्याशी, तुलना करून घ्यावी. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या गाईडमध्ये छिद्राची दिशा आधीच ठरलेली असते आणि ड्रिल त्या नळीतूनच जातो. ते अचूक असते, पण ऐन वेळी बेत बदलता येत नाही, नळीच्या आड पाणी नीट पोहोचत नाही, आणि मागच्या दाढांजवळ लांब ड्रिलसाठी तोंड पुरेसे उघडत नाही. नॅव्हिगेशनमध्ये हाताला कोणताही अडसर नसतो. म्हणूनच ते शिकवण्याचे साधन म्हणून मला अधिक उपयोगी वाटते. नळी हाताला सरळ ठेवते, त्यामुळे हात काही शिकत नाही. पडदा फक्त सांगतो, सरळ ठेवावे लागते हातालाच.

आधी पडद्याविना एकदा

प्रत्येक विद्यार्थ्याने पहिले दोन इम्प्लांट नॅव्हिगेशनशिवाय बसवावेत. यावर सहकाऱ्यांशी माझे मतभेद होतात. चुकीची सवय कशाला लागू द्यायची, असे ते म्हणतात. परंतु विद्यार्थ्याचा स्वतःचा कल कोणत्या बाजूला आहे, हे समजल्याशिवाय पुढे काय सुधारले ते कळणार नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांचा कल डाव्या व उजव्या जबड्यात वेगळा असतो, हे मी वारंवार पाहिले आहे. दोन्ही बाजूंना एकेक इम्प्लांट बसवून घ्यावा, मॉडेलचे स्कॅन करावे, आणि आकडे विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहावेत.

मॉडेल निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते सीबीसीटीमध्ये उमटले पाहिजे, आणि त्यात शेजारचे दात पक्के असले पाहिजेत. पॉलियुरेथेनच्या फोमचे तयार जबडे मिळतात, त्यात वरचा थर टणक व आतला सच्छिद्र असतो. ते परवडत नसतील तर प्लास्टरचे मॉडेलही स्कॅनमध्ये स्वच्छ दिसते. मात्र ते टेबलावर ठेवून ड्रिल करू देऊ नये. फॅन्टम हेडमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यात, बसवावे, रबरी गाल लावावेत आणि समोरचा जबडाही जोडावा, कारण खरी अडचण तोंडाच्या उघडण्यातूनच येते. हाडाचा स्पर्श कळावा म्हणून खाटकाकडून बोकडाचा खालचा जबडा आणून त्यावर वेगळा सराव घ्यावा. त्याच्या दातांमधल्या मोकळ्या भागातले हाड फार अरुंद असते, म्हणून इम्प्लांटची जागा शिकण्यासाठी तो कामाचा नाही, पण वरचे कठीण कवच भेदले गेल्यावर ड्रिल अचानक मोकळा कसा होतो, हे प्लास्टर कधीच शिकवू शकत नाही.

हाडाची घनता समजावताना परदेशी पुस्तकांत ओक आणि बाल्सा या लाकडांची उदाहरणे असतात. आमच्या मुलांनी ती झाडे पाहिलेली नाहीत. मी शिसव, साग आणि पांगारा यांचे तुकडे आणून ठेवते आणि चौथा थर्मोकोलचा. खालच्या जबड्याचा पुढचा भाग शिसवासारखा लागतो, वरच्या जबड्याचा मागचा भाग पुष्कळदा थर्मोकोलसारखा. शहाद्याच्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच ड्रिलला "मॅडम, हा साग आहे" असे म्हटले होते, आणि त्याचे बरोबर होते; त्याच्या घरी सुतारकाम चालते.

बेत आखणे

स्कॅन संगणकात उघडल्यावर विद्यार्थी सर्वांत आधी हाड शोधतो. त्याला थांबवावे आणि आधी दात ठेवायला सांगावे. गेलेल्या दाढेचा मुकुट, म्हणजे हिरडीच्या वर दिसणारा भाग, कुठे असायला हवा, तो समोरच्या दाताशी कसा भिडेल, हे ठरवून मग त्या मुकुटाच्या मध्यातून खाली रेघ ओढावी. इम्प्लांटची जागा त्या रेघेवर सुरू होते. हाड तिथे पुरेसे नसेल तर बेत बदलण्याचा विचार करावा, पण मुकुट विसरून जिथे हाड जाड दिसते तिथे इम्प्लांट खुपसणे ही पहिल्या वर्षातली सर्वांत मोठी चूक असते.

अंतरांचे नियम तोंडपाठ असावेत. शेजारच्या नैसर्गिक दातापासून किमान १.५ मिलीमीटर, दोन इम्प्लांटमध्ये किमान ३ मिलीमीटर, आणि खालच्या जबड्यातील मज्जातंतूच्या नलिकेपासून किमान २ मिलीमीटर जागा सोडावी. नलिका संगणकाला आपोआप शोधू देऊ नये. विद्यार्थ्याने आडव्या छेदांमधून एकेक थांबत ती स्वतः चिन्हांकित करावी आणि हनुवटीजवळच्या छिद्रापर्यंत न्यावी. काही ठिकाणी नलिकेची भिंत पुसट असते, तिथे मागचे-पुढचे छेद पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे वहीत तसे लिहावे लागते.

येथे एक बारकावा आहे. ड्रिलवर १० मिलीमीटरची खूण असली तरी त्याचे टोकदार अग्र बहुतेक कंपन्यांच्या ड्रिलमध्ये त्या खुणेच्या हिशेबापेक्षा थोडे पुढे जाते, काहींत अर्धा मिलीमीटर, काहींत जवळपास एक. तो आकडा त्या त्या संचाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. २ मिलीमीटरच्या सुरक्षित अंतरातून हा वजा करून पाहिला की विद्यार्थी गंभीर होतो.

बेत संगणकात साठवण्यापूर्वी विद्यार्थ्याने तो वहीत एका परिच्छेदात लिहावा: हीच लांबी का, हाच व्यास का, आणि जागेवर अडचण आली तर दुसरा पर्याय कोणता. जो विद्यार्थी हे लिहू शकत नाही, त्याने त्या दिवशी हँडपीस हाती घेऊ नये, असा माझा नियम आहे.

नोंदणी : येथे घाई करू नये

नोंदणी म्हणजे स्कॅनमधला जबडा आणि खुर्चीवरचा जबडा एकमेकांवर बसवणे. जुन्या पद्धतीत स्कॅन काढतानाच दातांवर धातूच्या खुणा असलेली क्लिप लावतात. नव्या पद्धतीत स्कॅन साधाच घेऊन नंतर गोल टोकाची सळई तीन-चार दातांवरून फिरवतात आणि संगणक तो मार्ग स्कॅनमधल्या दातांशी जुळवतो. क्लिप मऊ होणाऱ्या प्लास्टिकची असते. ती गरम पाण्यात टाकून दातांवर दाबायची आणि थंड होऊ द्यायची. जुळवणीसाठी निवडलेले दात एकाच कोपऱ्यात असू नयेत. डावीकडचे तीन दात घेतले आणि इम्प्लांट उजवीकडे असेल, तर डावीकडची केसभर चूक उजवीकडे पोहोचेपर्यंत वाढते, जशी घराच्या पायाला एका कोपऱ्यात दिलेली दोरी जरा तिरकी असेल तर दुसऱ्या टोकाला भिंत हातभर सरकते. शक्य तेवढे पसरलेले, हलत नसलेले आणि धातूचा मुकुट नसलेले दात निवडावेत. धातूमुळे स्कॅनमध्ये उठणाऱ्या रेघांनी दाताचा खरा आकार बिघडतो.

त्यानंतर हँडपीसचा अक्ष आणि ड्रिलची लांबी यंत्राला दाखवावी लागते. अक्ष एकदा दाखवला की पुरतो, लांबी मात्र प्रत्येक ड्रिल बदलल्यावर पुन्हा दाखवावी लागते. विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या ड्रिलला हे विसरतात. छोट्या ड्रिलची लांबी यंत्रात असताना लांब ड्रिल लावला, तर खोली चुकेल आणि ती चूक पडद्यावर दिसणारच नाही.

आता पडताळणी. ड्रिल न फिरवता त्याचे टोक एखाद्या दाताच्या टोकावर टेकवावे आणि पडद्याकडे पाहावे. पडद्यावरही ते टोक त्या दाताच्या पृष्ठभागावर टेकलेले दिसले पाहिजे. दातात रुतलेले किंवा वर तरंगताना दिसले, आणि ते अंतर अर्ध्या मिलीमीटरहून अधिक असेल, तर नोंदणी पुन्हा करावी. ही तपासणी किमान तीन दातांवर करावी, त्यातला एक इम्प्लांटच्या शेजारचा आणि एक जबड्याच्या दुसऱ्या बाजूचा असावा. पुढे प्रत्येक ड्रिलनंतर, आणि कोणाचा धक्का लागल्याची नुसती शंका आली तरी, शेजारच्या दातावर ती पुन्हा करावी. याला दहा सेकंद लागतात.

ही दहा सेकंदे किती मोलाची आहेत, हे मला एका दुपारी कळले. सराव चांगला चालला होता. दुसऱ्या वर्षाची एक अतिशय नीटस काम करणारी विद्यार्थिनी ड्रिल करत होती, आणि मदतनीस विद्यार्थ्याने सक्शन पलीकडे नेताना त्याचे मनगट ट्रॅकरच्या दांडीला लागले. क्लिप दातांवरून निघाली नाही, फक्त किंचित फिरली. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही, मी पडद्याकडेच पाहत होते. पडद्यावर बरोबर जागा व कल दाखवणारे हिरवे वर्तुळ स्थिर होते, कल एका अंशाच्या आत होता, खोली अगदी बरोबर. तिने इम्प्लांट बसवला आणि आम्ही सर्वांनी तिचे कौतुक केले. संध्याकाळी स्कॅन पाहिला तेव्हा इम्प्लांट ठरलेल्या जागेपासून जवळपास ३ मिलीमीटर पुढे, शेजारच्या दाताच्या मुळाला भिडलेला होता. ते मॉडेल होते म्हणून निभावले. मुलगी रडवेली झाली होती. चूक तिची नव्हती, पडताळणी न मागणाऱ्या शिक्षकाची होती, हे मी तिला तिथेच सांगितले. तेव्हापासून वर्गात एका विद्यार्थ्याचे काम एवढेच असते की त्याने पडद्याकडे न पाहता फक्त ट्रॅकरकडे पाहत राहावे, आणि दर ड्रिलला मोठ्याने "पडताळणी" म्हणावे. तो शब्द कानावर पडल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही.

ड्रिल चालवताना

पडदा कुठे ठेवावा यावर अर्धे यश अवलंबून आहे. तो विद्यार्थ्याच्या समोर, रुग्णाच्या डोक्याच्या पलीकडे, डोळ्यांच्या उंचीवर असावा. मान वळवून पाहावे लागले की खांदा वळतो आणि खांदा वळला की हँडपीस वळतो. कॅमेऱ्याला दोन्ही ट्रॅकर सतत दिसले पाहिजेत, म्हणून मदतनिसाचे डोके आणि सक्शनची नळी कोणत्या बाजूने येणार हे आधी कोरड्या तालमीत ठरवावे. ट्रॅकर झाकला गेला तर चित्र थांबते. थांबलेल्या चित्रावर भरवसा ठेवून हात पुढे नेऊ नये, ड्रिल बाहेर काढावा.

करंगळी किंवा अनामिका शेजारच्या दातावर टेकवून आधार घ्यावा. हात हवेत ठेवून पडद्यावरचे वर्तुळ धरण्याचा प्रयत्न करणारे विद्यार्थी सुरुवातीला पुष्कळ असतात आणि त्यांचा ठिपका माशीसारखा फिरत राहतो. क्रम असा ठेवावा: ड्रिल बंद ठेवून टोक ठरलेल्या बिंदूवर टेकवावे, टोक न हलवता हँडपीसचा कल वर्तुळात आणावा, एक श्वास तिथेच थांबावे, मग पेडल दाबावे. तिन्ही गोष्टी एकदम साधायला गेले की तिन्ही बिघडतात. सुरुवातीचा ड्रिल २ मिलीमीटर व्यासाचा असतो. दिशा तोच ठरवतो. पुढचे जाड ड्रिल त्याच छिद्राच्या मागे जातात, त्यामुळे पहिल्या ड्रिलला दिलेला वेळ पुढे भरून निघतो. पहिल्या ३-४ मिलीमीटरपर्यंत कल सुधारता येतो, त्यानंतर जोर लावून वळवायला गेले तर छिद्र फक्त रुंद होते.

वेग साधारण ८०० ते १००० फेरे प्रति मिनिट, पाणी भरपूर, आणि ड्रिल खाली-वर करत पुढे न्यावा. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. मॉडेल भाजत नाही, त्यामुळे सरावात पाणी न वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. पाणी उडाल्याने ट्रॅकरवर थेंब बसतात आणि दृष्टी जाते, ही अडचणही सरावातच भेटायला हवी.

आमच्या भागाच्या काही अडचणी वेगळ्या आहेत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. क्लिपचे प्लास्टिक उष्णतेने मऊ होण्यासाठीच बनवलेले असते, हे लक्षात न घेता मी एकदा तयार क्लिपा धुळ्याहून नेताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवल्या होत्या, आणि परत आल्यावर एकही दातावर नीट बसली नाही. क्लिपा व प्रिंट केलेली मॉडेल थंड पेटीतून न्यावीत. खिडकीतून थेट ऊन कॅमेऱ्यावर किंवा चकचकीत स्टीलच्या ट्रेवर येत असेल तर खिडकीचा पडदा ओढावा, कारण ती चमक ट्रॅकर ओळखण्यात गोंधळ घालते. वीज गेली आणि यंत्र मध्येच बंद पडले तर पुन्हा चालू केल्यावर जुनी नोंदणी तशीच गृहीत धरू नये. यूपीएस असला तरी हा नियम बदलत नाही. कॅमेरा सुरू केल्यावर कंपनीने सांगितला असेल तितका वेळ त्याला स्थिर होऊ द्यावे.

आकडे आणि वही

इम्प्लांट बसल्यावर मॉडेलचा पुन्हा स्कॅन घेऊन तो बेताच्या स्कॅनवर बसवावा. चार आकडे निघतात: इम्प्लांटच्या वरच्या तोंडाशी किती फरक पडला, टोकाशी किती, खोलीत किती आणि कलात किती. अनुभवी हातांनी डायनॅमिक नॅव्हिगेशन, म्हणजे हीच पद्धत, वापरून केलेल्या कामाच्या प्रकाशित अभ्यासांत तोंडाशी सरासरी १ मिलीमीटरच्या आसपास, टोकाशी त्याहून थोडा जास्त आणि कलात ३ ते ४ अंशांचा फरक येतो. म्हणजे यंत्र असतानाही शून्य येत नाही. २ मिलीमीटरचे सुरक्षित अंतर कशासाठी राखायचे, याचे उत्तर याच आकड्यांत आहे.

कल आणि टोकाचे नाते विद्यार्थ्यांकडून कागदावर काढून घ्यावे. १० मिलीमीटर लांबीचा इम्प्लांट ५ अंशांनी कलला तर टोक सुमारे ०.९ मिलीमीटर सरकते, १० अंशांनी कलला तर सुमारे १.७ मिलीमीटर. दहावीतली त्रिकोणमिती इथे पहिल्यांदा कामाला येते, असे मुले म्हणतात, आणि त्या दिवसापासून 'थोडा कल' हा शब्द वर्गातून जातो.

दर वेळी स्कॅन परवडत नसेल, तर छिद्रात सरळ सळई उभी करून समोरून आणि बाजूने छायाचित्र काढावे आणि शेजारच्या दाताच्या अक्षाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. हे स्कॅनइतके अचूक नाही, पण विद्यार्थ्याचा नेहमीचा कल कोणत्या दिशेला आहे, हे त्यातूनही कळते.

पडदा हळूहळू काढून घ्यावा

येथे शिकवण्याचा खरा भाग येतो. पडदा पाहून सरळ ड्रिल करणारा विद्यार्थी पडदा नसताना पुन्हा तितकाच चुकला, तर त्याच्या हाताने काही कमावलेले नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या इम्प्लांटपासून मी पडद्यावर कापड टाकते. विद्यार्थी ड्रिल ठरलेल्या जागी टेकवतो, कल धरतो आणि मोठ्याने सांगतो: "दोन अंश मागे, गालाकडे बरोबर." मग कापड बाजूला करून आकडा पाहायचा. आधी अंदाज, मग आकडा. सुरुवातीला सहा-सात अंशांनी अंदाज चुकतात. काही आठवड्यांनी मुले दोन-तीन अंशांच्या आत सांगू लागतात, आणि मनगटाला येणारी ही जाण त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. शेवटचे दोन इम्प्लांट पुन्हा पडद्याविना बसवून घ्यावेत, आणि ते आकडे वहीत पहिल्या पानावरच्या आकड्यांशेजारी लिहावेत.

पहिला रुग्ण

खुर्चीवर पहिला रुग्ण घेताना निवड कठोर असावी. एकच दात गेलेला, दोन्ही बाजूंना घट्ट दात असलेला, हाड भरपूर असलेला, तोंड मोकळे उघडणारा. सुपारी, गुटखा यांनी तोंडाचे उघडणे आवळलेले असेल तर नवख्या विद्यार्थ्याकडे तो रुग्ण देऊ नये. आपल्याकडे अशांची संख्या कमी नाही. मधुमेह असल्यास तो आटोक्यात असल्याची खात्री करावी. सर्व दात गेलेल्या रुग्णात ट्रॅकर हाडात छोटे स्क्रू बसवून लावावा लागतो, म्हणून ते काम शिकाऊंसाठी नाही.

रुग्णाला हे सगळे त्याच्या भाषेत सांगावे. अमळनेरकडच्या एका आजींनी दातांवरच्या क्लिपला हात लावून "हाई काय से?" असे विचारले, तेव्हा विद्यार्थिनीने कॅमेरा, ट्रॅकर, गणित सगळे अहिराणीत समजावले, आणि आजींनी तिला शेवटी सांगितले की मी मान हलवणार नाही, तू घाबरू नकोस. क्लिपवर चावायचे नाही, जीभ लावायची नाही आणि खोकला आला तर हात वर करायचा, या तीन सूचना रुग्णाकडून वदवून घ्याव्यात. संमतीपत्रावर काम विद्यार्थी करणार आहे आणि शिक्षक शेजारी उभे राहणार आहेत, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

शिक्षकाने कुठे थांबवायचे, हेही आधीच ठरलेले असावे. पडताळणी एकदा चुकली तर नोंदणी पुन्हा करावी. दुसऱ्यांदा चुकली तर नॅव्हिगेशन बंद करावे, हँडपीस शिक्षकाने हाती घ्यावा किंवा हिरडी उघडलेली नसेल तर रुग्णाला दुसरी तारीख द्यावी, आणि विद्यार्थ्याने त्याच संध्याकाळी क्लिप, ट्रॅकर व स्कॅन पुन्हा मॉडेलवर लावून चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधून वहीत लिहावे.